रांगोळीची रेघ काय सांगते?

दवाखान्यात नवा रुग्ण आला की नाव, वय, तक्रार विचारून झाल्यावर मी एक प्रश्न हमखास विचारतो, "दिवसभरात हातांनी काय काय करता?" उत्तर बहुधा संकोचाने येते. "काही नाही हो डॉक्टर, घरचंच आपलं." आणखी विचारल्यावर कळते, की बाई रोज दारात रांगोळी काढतात, दुपारी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, नातवासाठी स्वेटर विणतात. आजोबा गुरुवारी भजनात पेटी वाजवतात आणि रोज रात्री हिशेबाची वही लिहितात. आपण याला 'काही नाही' म्हणतो. माझ्या दृष्टीने तिथूनच तपासणी सुरू होते.

विचार करा. रक्तातली साखर आपण काही महिन्यांनी तपासतो, रक्तदाब महिन्याने, डोळे कधीतरी. रांगोळीची रेघ मात्र रोज उमटते. तेच हात, तेच अंगण, तीच सकाळ. त्यामुळे तिच्यात बदल झाला तर तो दिसायला वेळ लागत नाही. फक्त कोणीतरी तिकडे पाहायला हवे. सुईत दोरा ओवायचा म्हणजे नजर, मेंदू, नसा, स्नायू, सांधे आणि मन या साऱ्यांना एकाच वेळी काम करावे लागते. त्यांतल्या एकाने जरी कुरकुर केली तरी टाका वाकडा जातो. तो कसा वाकडा गेला, यावरून कुरकुर कोणाची आहे याचा पुष्कळदा अंदाज बांधता येतो.

अडचण अशी, की टाका वाकडा गेला की घरातले सगळे मिळून एकच निदान करतात: "आता वय झालं!" वाचकहो, वय झाले हे निदान नव्हे. त्या दोन शब्दांखाली मोतीबिंदू, थायरॉइड, मधुमेह, कंपवात, नैराश्य असे अनेक आजार महिनोन् महिने लपून राहतात. त्यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. म्हणून आज घरातल्या कलाकुसरीकडे डॉक्टरच्या नजरेने कसे पाहायचे ते समजून घेऊ.

सुईचे भोक आणि नजर

चाळिशीच्या आसपास सुई हातभर लांब धरावी लागते. डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी झाल्याने जवळचे अंधुक दिसू लागते. आपल्या भाषेने तर या चष्म्याला 'चाळिशी' असेच नाव दिले आहे! यात काळजीचे काही नाही. मात्र बाजारातला तयार चष्मा घेऊन भागवू नये. डोळे तपासताना डोळ्यातला दाब आणि आतला पडदाही पाहिला जातो. काचबिंदूचा सुरुवातीला त्रास काहीच होत नाही, तो अशा तपासणीतच सापडतो.

चष्मा लावूनही जर निळा दोरा कोणता आणि काळा कोणता हे कळेनासे झाले, पांढरी रांगोळी पिवळट वाटू लागली, उन्हात बसल्यावर उलट जास्तच दिपू लागले, तर मोतीबिंदूचा संशय घ्यावा. फ्रान्समधले प्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांच्या चित्रांतले रंग तांबूस-पिवळे होत गेले. १९२३ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आज हीच शस्त्रक्रिया कितीतरी सोपी झाली आहे. कृत्रिम भिंग बसवून रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याचे कारण उरलेले नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. ठिपक्यांच्या रांगोळीतली सरळ रेघ तुम्हाला मधेच वाकलेली दिसते, पण सून म्हणते, "सरळच आहे की!" अशा वेळी एकेक डोळा झाकून पाहा. एकाच डोळ्याने रेघ वाकडी दिसत असेल तर त्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी दोष असू शकतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा हा दोष झाकून टाकतो. यात दिवस मोजत बसू नये, नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे. नजरेसमोर अचानक पडदा आल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी जावे.

बोटांना येणाऱ्या मुंग्या

"डॉक्टर, विणताना हात झोपतो हो. रात्री तर झटकत बसावं लागतं." ही तक्रार मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. अशा वेळी मी विचारतो, "नेमकी कोणती बोटं?" या प्रश्नाच्या उत्तराला फार महत्त्व आहे.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, करंगळी मात्र चांगली असेल, तर मनगटात मधली नस दाबली जात आहे असे समजावे. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. सतत विणणाऱ्या, शिवणाऱ्या, कणीक तिंबणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास पुष्कळ आढळतो. पण दोष नुसता सुयांवर ढकलून चालत नाही. गरोदरपण, मधुमेह, आमवात आणि थायरॉइडचे काम मंदावणे ही त्यामागची नेहमीची कारणे. म्हणून अशा रुग्णाची साखर आणि थायरॉइड तपासावी लागते. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बराच आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा खपाटीला गेला, हातातून वस्तू पडू लागल्या, की नस बरीच दुखावलेली असते. तेव्हा छोटी शस्त्रक्रिया लागते आणि उशीर झाला तर गेलेली ताकद पूर्ण परत येतेच असे नाही.

मुंग्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला असतील तर बिघाड दुसऱ्या नसेत असतो. ही नस कोपराजवळून जाते. बधिरपणा आधी दोन्ही तळपायांना आणि मागाहून बोटांच्या टोकांना आला असेल तर मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा विचार करावा.

पण सुई टोचून रक्त आले आणि कळलेच नाही, तव्याचा चटका बसून फोड आला तेव्हा समजले, असे कोणी सांगितले तर मी त्यांना बाही वर करायला लावून अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का ते पाहतो, कोपरामागची नस जाड झाली आहे का ते चाचपतो. कुष्ठरोगाची सुरुवात अशी होऊ शकते. भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी झाले, एवढाच त्याचा अर्थ. नवे रुग्ण आजही सापडतात. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावा लागतो. औषध सुरू झाले की रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. लपवण्यासारखे यात काहीही नाही. लपवण्यात वेळ गेला तर मात्र बोटे वाकडी होतात. उपचार वेळेवर सुरू झाले तर ती वाचवता येतात.

अक्षर बारीक होत जाते तेव्हा

निवृत्त माणसांचा नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्याचा. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले ते रक्तदाब मोजायला. रागावलेले होते. "बँकवाले म्हणतात सही जुळत नाही! पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी." मी त्यांना माझ्यासमोर चार ओळी लिहायला सांगितल्या. पहिला शब्द ठळक आणि वळणदार होता. ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढे झाले होते. चालताना उजवा हात हलत नव्हता. पत्नीने भर घातली, "हल्ली फोडणी करपली तरी यांना वास येत नाही." हात थरथरत नव्हता, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. न्यूरॉलॉजिस्टने तपासले, तो कंपवात निघाला. औषधे सुरू झाली आणि काही आठवड्यांत सदऱ्याच्या गुंड्या ते पुन्हा स्वतः लावू लागले.

या आजाराचे पहिले नेटके वर्णन लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. तेही वस्तीत प्रॅक्टिस करणारे डॉक्टरच होते. त्यांच्या निबंधात अवघ्या सहा रुग्णांची माहिती आहे आणि त्यांतले काही तर त्यांना नुसते रस्त्यात दिसलेले! ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. जे हाती आले ते बारकाईने पाहण्यातून.

तरीही प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे. हे नीट समजून घ्या, नाहीतर उगाच धास्ती घ्याल. कंपवाताची थरथर हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना जास्त दिसते, बहुधा एका बाजूने सुरू होते आणि काम करताना कमी होते. याउलट, कप उचलताना, रांगोळीची चिमूट सोडताना, सुई ओवताना दोन्ही हात कापतात आणि घरात वडिलांचे किंवा आत्याचेही कापत असत, तर तो बहुतेक वेळा घराण्यात चालत आलेला साधा कंप असतो. बारीक थरथर, छातीत धडधड आणि वजन घटणे एकत्र असेल तर थायरॉइड जास्त काम करते आहे का हे पाहावे लागते. दम्याच्या काही औषधांनीही हात कापतो. कारण वेगळे तसा उपायही वेगळा.

सकाळचा ताठरपणा

सकाळी क्रोशाची सुई धरवत नाही, दुपारी धरवते, असे का होते? बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांना गाठी आल्या असतील आणि ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल तर ती सांध्यांची झीज. शेक आणि हलका व्यायाम यांवर पुष्कळसे निभते. पण दोन्ही हातांचे मुठीकडचे सांधे सुजले, बांगड्या-अंगठ्या घट्ट झाल्या आणि ताठरपणा तासभर टिकू लागला तर आमवाताची शंका घ्यावी. यात पहिले काही महिने मोलाचे. योग्य औषधे लवकर सुरू झाली तर सांधे खराब होणे पुष्कळ प्रमाणात रोखता येते. नुसत्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून वर्ष काढले तर सांधेही जातात आणि मूत्रपिंडावरही ताण येतो.

भजनी मंडळींसाठी

सप्ताहात रात्रभर गायल्यावर आवाज बसतो आणि चार दिवसांत सुटतो. त्याला विश्रांती आणि कोमट पाणी पुरे. पण आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घेतलेच पाहिजे. तंबाखू, विडी, मिश्री यांची सवय असेल तर एक दिवसही पुढे ढकलू नका. स्वरयंत्राचा कर्करोग आवाजातल्या बदलाने लवकर ओळखता येतो आणि लवकर ओळखला तर बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. मंडळात शेजारी बसून टाळ धरणाऱ्या मित्राला हा बदल घरच्यांच्याही आधी कळतो. त्याने संकोच न करता सांगावे.

टाके चुकणे आणि टाके सोडणे

चष्मा कुठे ठेवला हे आठवत नाही, यात विशेष काही नाही. पण वर्षानुवर्षे हातात बसलेली 'दोन सुलट, दोन उलट' वीण मधेच हरवते, ठिपके मोजून मांडता येत नाहीत, पुरणपोळीत आधी काय आणि मग काय याचा क्रम चुकतो, तर मात्र स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्यावी. त्यात ब-१२ आणि थायरॉइडही तपासावे, कारण यांच्या कमतरतेमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो.

दुसरा प्रकार याहून सहज नजरेआड होतो. हात चांगले, डोळे चांगले, पण माणूस छंदच सोडतो. अर्धा स्वेटर टोपलीत तसाच पडलेला. दारात रांगोळी नाही. पेटीवर धूळ. विचारले तर उत्तर, "काय करायचंय आता." आवडत्या गोष्टीतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला आणि जोडीला झोप, भूक बिघडली, उदासपणा आला, तर तो आळसही नव्हे आणि म्हातारपणही नव्हे. नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो. अशा माणसाला "मन रमव" असा उपदेश करू नये. त्याचे मन रमत नाही हीच तर तक्रार असते! त्याच्याजवळ बसावे, ऐकून घ्यावे आणि डॉक्टरकडे न्यावे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

इथे थांबू नका, धावा

वर सांगितलेले बदल सावकाश होणारे आहेत. पण सुई अचानक हातातून गळाली, ओठ एका बाजूला ओढला गेला, बोलणे अडखळले किंवा अर्थहीन झाले, तर तो पक्षाघात समजावा. तोंडात औषध-पाणी काही घालू नये, तेल चोळत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, आणि जितके लवकर तितका फायदा जास्त. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी त्याच दिवशी तपासणी हवी. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

छंद करताना एवढे पाळा

१. सुईकाम खिडकीशी बसून करावे. उजवा हात वापरणाऱ्यांनी उजेड डाव्या बाजूने येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

२. अर्ध्या तासाने काम खाली ठेवावे, मान आणि मनगट हलकेच फिरवावे, दूरवर नजर टाकावी.

३. गुडघे दुखत असतील तर उकिडवे बसून मोठी रांगोळी काढू नये. बुटके स्टूल घ्यावे किंवा पाटावर रांगोळी काढून पाट दारात ठेवावा.

४. टाचण्या ओठांत धरण्याची सवय मोडावी. ठसका किंवा शिंक आली की टाचणी पोटात नाहीतर श्वासनळीत जाते.

५. दमा असणाऱ्यांनी रांगोळीचे रंग चाळताना नाका-तोंडावर रुमाल बांधावा.

६. मधुमेहींनी सुई टोचल्यावर जखम साबणाने धुवावी, दोन दिवस लक्ष ठेवावे. गंजकी सुई असेल तर धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते पाहावे.

आणि एक स्पष्ट सांगतो. विणकामाने रक्तदाब बरा होतो, भजनाने साखर उतरते असे मी म्हणणार नाही. छंदाने मन शांत होते, दिवसाला आकार येतो, चार माणसांत उठबस राहते. हा फायदा मोठा आहे. पण म्हणून गोळ्या बंद करू नका.

एक तारखेचा कागद

शेवटी एक सोपा उपाय. घरात एक साधी वही ठेवा. दर महिन्याच्या एक तारखेला घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने तिच्यात तारीख घालून तीन गोष्टी कराव्यात: आपल्या आवडीची तीच ती ओळ लिहावी, सही करावी, आणि हात टेकू न देता आतून बाहेर जाणारे गोल गोल वेटोळे काढावे. खाली एका ओळीत लिहावे, या महिन्यात काय विणले, काय शिवले, काय गायले. पाच मिनिटांचे काम. सहा महिन्यांनी पाने उलटून पाहावीत. अक्षर लहान झाले आहे का, वेटोळे दातेरी झाले आहे का, 'काही केले नाही' असे लागोपाठ लिहिले गेले आहे का?

या वहीवरून घरीच निदान करू नका. थंडीने, जागरणाने, पेन बदलल्यानेही अक्षर बदलते. पण बदल दोन-तीन महिने टिकून राहिला तर वही पिशवीत घाला आणि डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या. "हल्ली जरा बरं वाटत नाही" या वाक्यावरून मला जेवढे कळते त्याहून पुष्कळ जास्त त्या पानांवरून कळते. आणि ज्यांची आई किंवा सासू रोज दारात रांगोळी काढते, त्यांनी उद्या सकाळी घाईने ती ओलांडून जाण्याआधी घटकाभर थांबून तिच्याकडे पाहावे.